गंगाक्कांचा ट्रॅक्टर आणि बाभळीची खुंटी

सोलापूरला लोक चादरी घ्यायला जातात, कोर्टाच्या कामाला जातात, जाता जाता सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी हात जोडून येतात. मी गेलो होतो जुना ट्रॅक्टर बघायला. आमच्या नीरा कालव्याकाठच्या गावात हे सांगितलं तेव्हा अर्ध्या लोकांना ट्रॅक्टर म्हणजे काय ते समजावून द्यावं लागलं, आणि उरलेल्या अर्ध्यांना तो जुनाच का, ते. पहिल्यांना म्हणालो, रॉकेलवर चालणारा लोखंडी बैल. दुसऱ्यांना म्हणालो, नवा साहेबांना परवडतो.

जायचं कारण मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. ते इथे सांगतो, म्हणजे पुढे माझा पारा का चढला ते कळेल.

मी मुळात गाडीवान. आमच्या गावच्या रावसाहेबांच्या उसाच्या गाड्या हाकून मी वर आलो. पुढे स्वतःची गाडी केली, मग गुळाची अडत घातली. कुणाच्या बापाच्या जिवावर केलं नाही, म्हणून बोलायला भीत नाही. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून मी जुनं ऑईल इंजिन घेतलं. त्यानं खुर्ची दिली, चहा पाजला, शेठ म्हणाला. इंजिन हिरव्यागार रंगानं झळकत होतं. घरी आणून चालवलं, तर आठवड्याच्या आत रंगाचा पोपडा उडाला आणि खाली लांबी भरून बुजवलेली चीर निघाली. त्या इंजिनात आता माझ्या कोंबड्या अंडी घालतात. व्यापाऱ्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्याची फुकट जाहिरात होईल.

पैसे गेल्याचं दुःख मी गिळलं असतं. पण रावसाहेब चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "मल्हारी, गाडीवानाला बैलाचं शेपूट कळतं. यंत्र त्याला कळायचं नाही." लोक हसले. तो हशा मी अजून विसरलेलो नाही.

त्याच रावसाहेबांचं ओढ्याकाठचं मोठं रान कुंद्यानं खाल्लं होतं. ज्यांनी कुंदा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: हे काळ्या रानातलं गवत आहे, त्याच्या मुळ्या पुरुषभर खोल जातात आणि बैलांचा नांगर त्याला नुसत्या गुदगुल्या करतो. यंदा माघात चावडीवर तोच विषय निघाला आणि माझ्या तोंडून गेलं, "पावसाच्या आत मोडून देतो."

"आणि नाही मोडलास तर?" रावसाहेबांनी विचारलं.

"तर पुन्हा तुमच्या गाड्या हाकीन."

असं बोलून मी घरी आलो, तांब्याभर पाणी प्यालो, आणि मग ट्रॅक्टर कुठे मिळतो याची चौकशी सुरू केली.

सात रस्ता

सोलापुरात मला उतरवून घ्यायला दस्तगीरभाई आला होता. हा जुन्या यंत्रांचा दलाल: गिरणीतले उतरवलेले पट्टे, मोटारींचे सांगाडे, बुडालेल्या जिनिंगचं सामान, सगळं याच्या हातून जातं. दोन्हीकडून दलाली घेतो आणि तसं तोंडावर सांगतो, म्हणून मला तो बरा वाटतो. गुळाच्या धंद्यात आमची ओळख झाली होती. त्याचंच पत्र आलं होतं, की अक्कलकोटच्या पलीकडे एक ट्रॅक्टर आहे, नांगरासकट.

सात रस्त्याला एका चहाच्या दुकानात बसलो. हे ठिकाण बघण्यासारखं आहे. नावाप्रमाणे सात वाटा येऊन मिळतात आणि प्रत्येक वाटेनं वेगळी भाषा येते. विणकर मंडळी तेलुगूत बोलत चालली होती, कापसाच्या गाडीवाल्यांचं कानडीत चाललं होतं, टांगेवाले दस्तगीरच्या दख्खनी बोलीत एकमेकांना बाजूला सरायला सांगत होते, आणि दुकानदार या सगळ्यांना ज्याच्या त्याच्या भाषेत उत्तर देत होता. आमच्याकडे माणूस जन्मभर एकाच भाषेत भांडतो. इथला माणूस तिन्हीत भांडतो आणि चौथीत समेट करतो. गिरणीचा भोंगा झाला तशी रस्त्यावरची चाल एकदम बदलली. माणसं पळत नव्हती, पण कुणी रेंगाळतही नव्हतं. कामाला जाणाऱ्या माणसाचा असा डौल मी दुसऱ्या गावात पाहिलेला नाही.

मी दस्तगीरला विचारलं, माल कसा आहे?

"माल चंगा है शेट," तो म्हणाला. "और बाई की जबान उससे बी चंगी."

बाई कोण, म्हणून विचारलं तेव्हा कळलं की ट्रॅक्टरची मालकीण एक बाई आहे. गंगाक्का. नवरा तापानं गेल्यावर तिनंच रान सांभाळलं. माझा तिथेच विरस झाला. माझी घासाघीस आवाजावर चालते. समोर पुरुष असला की मी तापतो, तो तापतो, त्यात भाव वितळतो. बाईमाणसावर आवाज कसा चढवायचा?

"हे पत्रात का लिहिलं नाहीस?"

"इसीच वास्ते नै लिख्या," दस्तगीर म्हणाला आणि त्यानं माझ्या खात्यावर आणखी एक चहा सांगितला.

अक्कलकोटच्या वाटेवर

अक्कलकोटपर्यंत लॉरी होती. सरकीच्या पोत्यांवर आम्ही बसलो होतो. वाटेत लॉरीचं पाणी उकळलं, आणि विहिरीचं पाणी आणेपर्यंत एका लिंबाखाली थांबावं लागलं. चैत्र सरत आला होता. रान उघडं, काळं, भेगाळलेलं. करडईचे सड आणि कडब्याच्या गंज्या सोडल्या तर नजरेला अडवणारं काही नाही. आमच्याकडे उसामुळे शेजाऱ्याचा बांधसुद्धा दिसत नाही. इथे परगावचा माणूस निघाला की दिसतो, आणि तो पोचेपर्यंत घरच्यांना चूल पेटवायला सवड मिळते. या मुलखात पाहुण्याची आबाळ होत नाही त्याचं निम्मं कारण मला हेच वाटतं. उरलेलं निम्मं कारण पुढे कळलं.

अक्कलकोट संस्थानच्या हद्दीवर नाक्याच्या शिपायानं माझी पिशवी उघडायला लावली. चळवळीचे दिवस, कुणाजवळ लोखंड दिसलं की पोलिसांच्या भुवया चढत. पिशवीत पाने होते, हातोडी होती, आणि अंगठ्याएवढा जाड एक नवा लोखंडी बोल्ट होता. शिपायानं बोल्ट उचलून विचारलं, हा कशाला?

मी म्हणालो, "दुसऱ्याच्या लोखंडावर माझा विश्वास नाही."

त्याला हे उत्तर आवडलं असावं. बोल्ट त्यानं परत पिशवीत टाकला. तो त्यानं ठेवून घेतला असता तर माझ्यावर उपकार झाले असते.

गंगाक्कांचं रान

अक्कलकोटाहून पुढे बैलगाडीनं गेलो. वस्ती बोरी नदीच्या बाजूला, गावापासून थोडी अलग. गंगाक्का दारातच उभ्या होत्या: पन्नाशीच्या, अंगानं सडसडीत, इरकली लुगडं, कपाळावर भस्माचे पट्टे. कानडी घरची बाई, पण मराठी स्वच्छ बोलत. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला, आणि मग आम्हाला खळ्याकडे नेलं.

खळ्यात ट्रॅक्टर उभा होता. त्याला बघितलं आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली.

चाकांना ताजा तांबडा रंग. अंगाला निळा. सगळ्या लोखंडाला तेल चोपडलेलं. पुढच्या जाळीवर हळदकुंकू, वर लिंबाचा डहाळा आणि झेंडूची माळ. मी हात लावून बघितला तर इंजिन गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधी चालवून ठेवलेलं. जुनं यंत्र विकणाऱ्यांची ही जुनी विद्या आहे: थंड असताना सुरू होत नसेल तर आधी तापवून ठेवायचं, तेल गळत असेल तर सगळीकडेच तेल लावायचं, आणि चीर असेल तर रंग.

बाईमाणूस समोर आहे हे मी विसरलो. पुण्याच्या इंजिनापासून सुरुवात केली आणि जगातल्या सगळ्या रंगवणाऱ्यांचा उद्धार केला. दस्तगीर झेंडूच्या माळेकडे बघत उभा राहिला. गंगाक्कांचा धाकटा भाऊ सिद्धराम, जो ट्रॅक्टर चालवत असे, त्याचा चेहरा पडला. रंग त्यानंच लावला होता.

माझा दम संपल्यावर गंगाक्का म्हणाल्या, "अण्णा, तुमच्याकडे विकायचा बैल कसा दाखवतात? उपाशी, शेणानं भरलेला?"

मी म्हणालो, नाही, धुऊन, शिंगं रंगवून दाखवतात.

"मग? बाजाराच्या दिवशी त्याला फिरवून, खाऊ घालून आणत नाहीत?"

"आणतात. पण हा बैल नाही."

"आमच्या घरात तो बैलांच्या रांगेतच बांधलेला असतो. घरातून जाणाऱ्याला आम्ही असंच पाठवतो." मग त्या सिद्धरामकडे वळल्या. "धुऊन काढ. पाव्हण्यांना उघडा बघायचाय."

सिद्धराम रॉकेल आणि चिंध्या घेऊन आला. मीही धोतर खोचून बसलो, कारण दुसऱ्याच्या धुण्यावरही माझा विश्वास नाही. माझं धोतर त्या दिवसापासून निळं आहे. रंगाखाली गंज निघाला, दगडांचे ओरखडे निघाले, एका जागी घाव बसून पत्रा चेपलेला निघाला. चीर निघाली नाही. मी कान्याकोपऱ्यात नखानं खरवडून बघितलं. लांबी नव्हती.

मग का विकता, असं विचारलं तेव्हा गंगाक्का म्हणाल्या, "आमचा कुंदा संपला. आता हा नुसता उभा राहून खातो."

"यंत्र काय खातं?"

"जागा. आणि माझ्या भावाचं लक्ष."

काम संपलं म्हणून कुणी यंत्र विकतं, यावर मी विश्वास ठेवला नाही. म्हणालो, उद्या सकाळी, थंड असताना बघेन. त्यांनी मुक्कामाची सोय आधीच केली होती.

जेवताना माझी आणखी एक फजिती झाली. ताटात शेंगांची चटणी, दही, वांग्याची भाजी आणि पापडासारखी वाळलेली भाकरी आली. मी दस्तगीरच्या कानात म्हणालो, विकायच्या आधीच शिळं घालायला लागले. गंगाक्कांना ऐकू गेलं. त्यांनी हसून सांगितलं की ही कडक भाकरी. पातळ थापून, मुद्दाम अशी वाळवतात, महिनाभर टिकते. आमच्याकडे पाहुण्याला वाळलेली भाकरी वाढली तर सोयरीक मोडेल. इथे ज्या सुनेची भाकरी न मोडता कडक होते तिचं नाव घेतात. चटणी-दह्याशी मी ती खाल्ली आणि पुन्हा मागून घेतली. वर हुग्गी होती, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर. गुळाचा व्यापारी असून सांगतो, गूळ कुणाच्या पदार्थात इतका जागेवर बसलेला मी पाहिला नाही.

थंड इंजिन

उजाडताच मी इंजिनावर तळहात ठेवला. माठासारखं गार. आता माझं राज्य होतं.

ज्यांना पुढेमागे असं यंत्र घ्यायचं असेल त्यांच्यासाठी लिहितो. आधी पाण्याचं झाकण काढा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर उठून घरी जा. तवंग नव्हता. मग खालची तोटी सोडून इंजिनातलं तेल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर आत पाणी शिरतंय. चोळल्यावर रेतीसारखं लागलं तर आतलं लोखंड झिजून तेलात आलंय. तेल काळं होतं, पण साफ होतं. मग हँडल हळूहळू फिरवा, झटका न देता. आतले चारही दट्टे आपापल्या पाळीला सारखेच अडले पाहिजेत. एखादा सुळकन सुटला तर तो मेलेला. चारही अडले. चाकाखाली पहार घालून उचकटलं, तर पुढचं डावं चाक थोडं डगमगलं. मी ते मोठ्यानं सांगितलं. गंगाक्का म्हणाल्या, हो, डगमगतं.

सिद्धरामनं पेट्रोलवर सुरू केला. थोड्या झटक्यांत इंजिन बोललं. आधी निळसर धूर आला, तो विरला. गरम झाल्यावर रॉकेल सोडलं तरी आवाजात फरक पडला नाही. मी कानाला पहार लावून दुसरं टोक इंजिनावर टेकवलं आणि ऐकत राहिलो. आत कुठे ठोका नव्हता.

तरी मन मानेना. मी सरळ रानात गेलो. जिथे कुंदा होता असं म्हणत होते तिथे पहारीनं उकरलं. एक मूळ सापडेना. तिथे बिराप्पा नावाचा म्हातारा धनगर मेंढ्या घेऊन बसला होता. गंगाक्कांच्या रानात तो दरवर्षी मेंढ्या बसवतो, आणि आसपासच्या गावांत जनावराचा सौदा असला की साक्षीला त्यालाच बोलावतात. त्याला विचारलं, कुंदा खरंच गेला का?

"मला कशाला इचारता, माज्या मेंढरांना इचारा की. कवळा कोंब आदी त्येंना दिसतुया. हितं न्हाय गावत आता." मग तो म्हणाला, "लई गुणाचं जनावर हाय. पर खोड आयकल्याबिगर हात लावू नगा."

तिथला रिवाज असा आहे: विकणाऱ्यानं जनावराची खोड दोन माणसांदेखत तोंडानं सांगायची. लाथ मारत असेल, मारका असेल, पाण्यात बसत असेल, जे असेल ते. खोड सांगून झाल्याशिवाय भावाला हात लावायचा नाही. गंगाक्का आमच्या मागोमाग आल्याच होत्या. त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात मी हात वर केला.

"खोड मी शोधतो," मी म्हणालो. "विकणाऱ्याच्या तोंडून खोड ऐकायला मी एवढ्या लांब आलेलो नाही. विकणारा लहान खोड सांगतो ती मोठी झाकायला."

"अवो, आदी आयका की," बिराप्पा म्हणाला.

मी ऐकलं नाही. कारण तेवढ्यात मला खोड सापडली होती. नांगर ट्रॅक्टरला जिथे जोडतात तिथे लोखंडी बोल्ट असायला हवा. तिथे लाकडाची खुंटी ठोकलेली होती, बाभळीची. असली हयगय मला चालत नाही. बोल्ट हरवला म्हणून कुणी लाकूड ठोकतं का? म्हणजे या लोकांनी आत काय काय ठोकून ठेवलं असेल?

मी सगळ्यांना ती दाखवली. सिद्धराम काही सांगू लागला, त्यालाही गप्प केलं. हातोडीनं खुंटी पाडली, पिशवीतला माझा बोल्ट काढला आणि तिथे बसवला. म्हणालो, आता बांधाकडच्या न मोडलेल्या पट्ट्यात चालवून दाखव.

सिद्धराम दोन पावलं मागे सरला. "या बोल्टवर मी बसणार नाही," तो म्हणाला.

"मग मी बसतो."

गंगाक्का एवढंच म्हणाल्या, "अण्णा, रागानं बसू नका." मी बसलो होतो.

नांगराचं पहिलं तास सुरेख निघालं. खालची माती ओलसर, काळीभोर वर येत होती, तव्यावरून भाकरी उलटावी तशी. एवढं बळ खुर्चीखाली असल्यावर माणसाला काय वाटतं ते मी सांगू शकत नाही. मला चावडी दिसत होती. रावसाहेब दिसत होते. त्या पट्ट्यात पूर्वी बाभळी होत्या आणि त्यांची मुळं तशीच खाली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगू दिलं नव्हतं.

नांगर मुळात अडकला. आमचा बैल अडला की थांबतो. हा थांबला नाही. मागची चाकं जागेवर रुतली आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उठायला लागलं. पुढची चाकं माझ्या डोळ्यांसमोर आली, मग त्यांच्याऐवजी आभाळ आलं. मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो: दोन्ही हातांनी वळवायचं चाक छातीशी ओढलं आणि ओरडलो, "हो, हो, ऱ्हा, ऱ्हा!" गाडीवानानं कासरे ओढावेत तसं.

सिद्धराम पळत बाजूनं येत होता. त्यानं मागून उडी घेतली आणि माझ्या पायावरूनच क्लचचा दांडा दाबला. जोर सुटला. ट्रॅक्टर पुढच्या चाकांवर आदळला आणि माझे दात एकमेकांवर आपटले. इंजिन संथ चालत राहिलं, जसं काही झालंच नाही.

मला खाली उतरवलं. बोल्ट काढला तर तो वाकला होता, पण मोडला नव्हता.

घोंगडीखाली

मला वाटलं आता सौदा उरकून निघावं. जनावराच्या बाजारात भाव तोंडानं करत नाहीत. कापडाखाली हात धरून बोटं दाबायची. पण बाईमाणसाचा हात परक्या पुरुषाच्या हातात कसा द्यायचा? त्यावर या लोकांनी तोड काढली आहे. बिराप्पानं घोंगडी पसरली. एका टोकाखाली त्याचा आणि माझा हात. दुसरं टोक गंगाक्कांच्या मुठीत. बिराप्पानं माझा भाव त्यांना कानात सांगायचा; त्यांनी टोक ताणलं तर नाही, सैल सोडलं तर हो. आणि तोवर कुणी बोलायचं नाही.

मी हात घातला. बिराप्पानं तो धरला आणि लगेच सोडून दिला.

"हात कापतुया तुमचा," तो म्हणाला. "आत्ता न्हाय. भ्यालेल्या माणसाचा भाव धरत न्हाईत. त्यो येक तर लई दीतो, न्हाय तर पळून जातो. भाकरी खावा आदी."

मी त्या क्षणी वाटेल तो आकडा दाबला असता आणि तो त्यांना चालला असता. बाजारात मी जन्म काढला आहे. गिऱ्हाईक थरथरत असताना हात सोडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. जेवलो. दुपार टळल्यावर हात स्थिर झाला तेव्हा पुन्हा बसलो.

घोंगडी पसरायच्या आधी गंगाक्का म्हणाल्या, "आता ऐकता का, अण्णा?"

मी मान हलवली.

त्या उभ्या राहिल्या आणि देवापुढे बोलावं तशा मोठ्यानं म्हणाल्या, "याची खोड अशी. नांगर अडला की हा पुढून उठतो. आणल्याच्या पहिल्याच वर्षी मालक वर बसले असताना उठला होता, तेव्हा ते वाचले. तेव्हापासून नांगराला बाभळीची खुंटी. अडलं की खुंटी मोडते, नांगर मागे राहतो, माणूस वाचतो. लोखंड कधी घालायचं नाही. बिराप्पा, ऐकलंत?"

"आयकलं."

"दस्तगीर?"

"सुन्या अक्का."

मी विचारलं, आणि थोड्या रागानंच विचारलं, की सकाळी खुंटी पाडताना हात का नाही धरलात?

"दुसऱ्याला हात धरू देणारा माणूस तुम्ही आहात का?" गंगाक्का म्हणाल्या. दस्तगीर खोकला.

मग सौदा झाला. आयुष्यात एवढा वेळ मी गप्प बसलो नव्हतो. डगमगतं चाक, चेपलेला पत्रा, उठण्याची खोड, सगळं मला बोटांनीच बोलावं लागलं. माझी बोटं तापत होती आणि घोंगडीचं टोक ताणलेलं ते ताणलेलंच. शेवटी मी नांगर आणि ठिणगी पाडणारा जादा मॅग्नेटो त्यात धरून एक आकडा दाबला. टोक सैल पडलं. माझ्या मनात होतं त्यापेक्षा थोडं जास्त गेलं. का दिलंस, असं मला विचारू नका. घरच्यांनी विचारलं तेव्हाही मी चिडलो.

निघताना मी म्हणालो, सिद्धरामला बरोबर द्या.

"भाऊ विकायला काढलेला नाही."

"भाड्यानं?"

"पाव्हणा म्हणून येईल. जेवायला काय घालाल?"

"आमच्याकडे भाकरी मऊ असते."

"मग लवकर परत येईल," गंगाक्का म्हणाल्या. त्यांनी ट्रॅक्टरच्या जाळीवर पुन्हा हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकांवर पाणी घातलं, आणि सिद्धरामजवळ बाभळीच्या खुंट्यांची मोळी दिली. रंग पुन्हा लावू दिला नाही. तो मीच नको म्हणालो.

घरी

रेल्वेनं ट्रॅक्टर आणण्याचा ताप मी लिहीत नाही. ज्यांनी मालधक्क्यावर दिवस काढले आहेत त्यांना तो माहीत आहे.

रावसाहेबांचं रान वळवाच्या आधी मोडून झालं. खुंट्या मोडत होत्या, सिद्धराम नवी ठोकत होता, मी त्याच्याकडून शिकत होतो. पहिले दिवस लोक बांधावर बसून बघत. कुंद्याची मुळं उन्हात पांढरी पडली तसा बांधावरचा हशा कमी झाला. सिद्धराम गेला तेव्हा बायकोनं त्याच्याबरोबर गंगाक्कांसाठी गुळाची ढेप दिली. मी गुळाचा भाव धरला नाही, याची घरात अजून चर्चा आहे.

मग एके दिवशी रावसाहेब स्वतः रानात आले. ट्रॅक्टरभोवती फिरले. काठीनं चाकावर टकटक केलं. म्हणाले, पलीकडचं रानही मोडायचं आहे, यंत्र आमच्याकडे दे, आमचा माणूस चालवील. मी होकार दिला, पण चावडीवरच्या दोघा शेजाऱ्यांना बोलावून घेतलं आणि त्यांच्यादेखत मोठ्यानं सांगितलं, की याची एक खोड आहे, नांगर अडला की हा पुढून उठतो, आणि लोखंडी बोल्ट कधी घालायचा नाही.

रावसाहेबांनी खाली वाकून खुंटी बघितली आणि हसले. "लोखंडाच्या यंत्राला लाकडाची खुंटी? मल्हारी, मी तुला ओळखतो. तू लहान खोड सांगतोस ती मोठी झाकायला."

माझं डोकं तापलं. हे वाक्य कुणाचं आहे ते मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून जास्तच तापलं. पण मी पेटीतून तो वाकलेला बोल्ट काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"हा घाला," मी म्हणालो, "आणि तुम्हीच बसा की वर."

रावसाहेबांनी बोल्ट फिरवून फिरवून बघितला. अंगठ्याएवढं जाड लोखंड मध्ये उसाच्या कांड्यासारखं वाकलेलं. त्यांनी बोटानं ते वाकण चाचपलं, एकदा ट्रॅक्टरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी बोल्ट मला परत दिला आणि खालच्या आवाजात विचारलं,

"बाभळीचीच लागते का रे?"